पन्नास वॅटची ओवी

सकाळी सहा ते सात हा तास मी कुणाला देत नाही. तेलगावात आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकते, मांडीवर वही घेते आणि रेडिओची चकती केसभर केसभर फिरवत लांबची स्टेशनं शोधते. या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. गाणी, बातम्या कानावर पडतातच, पण खरा आनंद वेगळा असतो. जे स्टेशन आपल्यापर्यंत पोचायला नको ते पोचलं, आणि ते कोणतं हे आपल्याला खात्रीनं सांगता आलं, एवढाच तो आनंद. दूरदेशीचं बलाढ्य स्टेशन सापडलं तर बरं वाटतं. त्याहून मोल मला छोट्या स्टेशनचं वाटतं. एखाद्या कॉलेजचं, एखाद्या गावापुरतं चालणारं, पन्नास वॅटचं. पन्नास वॅट म्हणजे आपल्या छताच्या पंख्याहूनही कमी. एवढ्याशा जोरावर कुणाचा तरी आवाज डोंगर ओलांडून येतो, याचं नवल मला अजून वाटतं.

गावात या छंदाचे शत्रू फार. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, सगळे मिळून रेडिओत खरखर ओततात. लाईट गेली की ही खरखर एकदम थांबते आणि आकाश स्वच्छ होतं. त्यामुळे लाईट गेली की माझा चेहरा खुलतो. आमचे हे माझ्याच शाळेत गणित शिकवतात. ते म्हणतात, "सगळं गाव लाईट यायची वाट बघतं, आमच्याच घरात ती जायची वाट बघतात."

हा नाद मला बीडच्या वसतिगृहात लागला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी.ला होते आणि इंग्रजीच्या भीतीनं वर्गात तोंड उघडत नव्हते. फिजिक्सच्या सरांनी मला त्यांचा एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ दिला आणि म्हणाले, "ऐक, आणि जे ऐकू आलं ते स्टेशनला पत्रानं कळव. चूक काढायला तिथं कुणी बसलेलं नसतं." या छंदाची रीतच तशी आहे. कुठं, किती वाजता, काय ऐकलं आणि किती स्पष्ट ऐकलं, हे लिहून पाठवायचं. आपलं लिहिणं खरं निघालं तर स्टेशन पोच म्हणून एक कार्ड पाठवतं.

माझं पहिलं कार्ड आलं तेव्हा वसतिगृहाची सुटी तोंडावर होती, म्हणून मी पत्ता गावाकडचाच दिला होता. शिरूर कासारच्या पुढं डोंगराच्या पोटात आमची वस्ती आहे. वडील, म्हणजे आमचे आबा, मेंढरं राखायचे. पोस्टमननं ते पाकीट त्यांना रानातच गाठून दिलं. आबांना वाचता येत नाही. मी येईपर्यंत चार दिवस त्यांनी ते पटक्याच्या घडीत सांभाळलं. मी आल्यावर त्यांच्यासमोर फोडलं.

"काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, तुम्ही ऐकलंत म्हणून आभारी आहोत."

आबा बराच वेळ त्या कार्डावरच्या समुद्राच्या चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ऐकल्याबद्दल आभार? लई शहाणी माणसं हायती."

त्या कार्डांनी मला इंग्रजी लिहायला शिकवलं, आणि त्या सरांमुळं मी आज फळ्यासमोर उभी आहे. हे ऋण मी शाळेतल्या मुलांना नेहमी सांगते. पण आज सांगायचं आहे ते आबांचं, आणि मी केलेल्या एका चुकीचं.

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी माहेरी गेले होते. बरोबर छोटा रेडिओ होता, आणि टीव्हीची जुनी ॲल्युमिनियमची काडीवाली अँटेना, जी मी एफएमसाठी कापून बेतली आहे. वस्ती अर्धी रिकामी झाली होती. नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघून गेल्या होत्या, मागं म्हातारी माणसं आणि जनावरं. एका सकाळी खाली ओढ्यावर दाट धुई बसली होती. चुलीचा धूर वर न जाता पाण्यासारखा आडवा पसरला होता. मी अंगणात अँटेना बांबूला बांधून फिरवत होते आणि अचानक, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा, एका मुलीचा आवाज आला. ती मेंढ्यांना जंताचं औषध कसं पाजावं ते सांगत होती. आबा शेकोटीपाशी बसले होते. ते उठून जवळ आले. मुलगी म्हणाली की मान फार वर उचलू नका, औषध श्वासात जातं.

"हिनं मेंढरू हातात धरलेलं दिसतंय," आबा म्हणाले.

मग स्टेशनचं नाव आलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं ते सामुदायिक रेडिओ केंद्र. ताकद पन्नास वॅट, पोच दहा-बारा किलोमीटर. आमची वस्ती तिथून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि मध्ये डोंगर. अठरा मिनिटं मी ते ऐकलं. ऊन चढलं तसं ते गेलं. मी हरखून गेले होते. त्याच दिवशी अहवाल लिहिला आणि शेवटी आबांचं ते वाक्यही घातलं.

चारच दिवसांत त्या निवेदिकेचा फोन आला.

"ताई, खरंच शिरूरच्या पलीकडं ऐकलं तुम्ही?"

"खरंच. जंताच्या औषधापासून पुढं सगळं."

"आमचे सर मला रोज म्हणतात, कॉलेजच्या फाटकाबाहेर तरी जातं का ते बघून ये. आता तुमचं पत्रच त्यांच्या टेबलावर ठेवलंय." ती हसली. मग म्हणाली, "आमच्या भिंतीवर नकाशा आहे. त्यावर तुमच्या वस्तीला टाचणी लावली. आणि ते आजोबा, ते काय करतात?"

मी अभिमानानं सांगितलं की मेंढरं राखतात आणि ओव्या म्हणतात. धनगरी ओवी आमच्याकडं रात्र रात्र चालते, आणि आबांचा गळा पंचक्रोशीत माहीत आहे. तिनं लगेच त्यांना बोलावलं. माझी शाळा उघडली होती, म्हणून माझा भाऊ मेंढरांचा मोठा कळप घेऊन बाहेर पडण्याआधी आबांना मोटारसायकलवर घेऊन गेला. रेकॉर्डिंग झालं. रविवारी सकाळी साडेसातला लागणार असं ठरलं. मध्ये तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत आबांनी ही गोष्ट ज्याला सांगितली नाही असा माणूस शिरूरच्या बाजारात उरला नसावा. चहाच्या टपरीवर सांगितलं, लोकर कातरणाऱ्यांना सांगितलं, दवाखान्यात सुई टोचणाऱ्या बाईंना सांगितलं. आबा बढाईखोर नाहीत. उलट, आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावरून खाली मान घालून गेलेले. पण ही एक गोष्ट त्यांना मनापासून मिरवावीशी वाटली.

एकच माणूस नाराज होता. आबांचे चुलतभाऊ, आमचे नाना. ओवी एकट्यानं म्हणायची नसते. एकानं ओळ टाकायची आणि दुसऱ्यानं ती मागून उचलून धरायची, त्याला झील धरणं म्हणतात. चाळीस वर्षं आबांची झील नानांनी धरली. मोटारसायकलवर जागा एकाचीच होती, आणि रेडिओत एकटाच माणूस बोलतो अशी आबांची समजूत. त्यामुळे नाना मागं राहिले.

मी फोन केला की पाठीमागून नानांचा आवाज यायचा. "झिलीबिगर ओवी म्हंजी बिनखुट्याचं दावं. म्हण म्हणावं एकट्यानं."

"जळतंय त्याचं," आबा मला फोनवर म्हणायचे, नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आठवडाभर आधी मी सहज विचारलं, "आबा, ते स्टेशन लागतं का रोज?"

"न्हाई लागत. पर त्या दिशी लागंल की."

"कशावरून?"

"आपलं असल्यावर लागंल."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी बीडमार्गे वस्तीवर पोचले. शुक्रवारी सकाळी अँटेना लावली. खरखर. शनिवारी सकाळी पुन्हा. खरखर. धुई नव्हती, वारा होता, धूर सरळ वर जात होता. तेव्हा मला माझी चूक नीट दिसली. थंडीत खालची हवा गार आणि वरची उबदार झाली की लाटा वाकून लांब येतात, हे मी पुस्तकात शिकले आहे, मुलांना शिकवते. ती एका सकाळची कृपा होती. आमच्या छंदात अशी एक सकाळ म्हणजे दागिना, आम्ही ती वहीत लिहून ठेवतो. पण मी ती पत्त्यासकट कळवली आणि "नेहमी येत नाही" एवढी एक ओळ लिहायची राहिली. स्टेशनला वाटलं आपण शिरूरपर्यंत पोचतो. आबांना वाटलं रेडिओ आपल्या अंगणात येतो. अन् दुसऱ्या दिवशी साडेसातला अर्धी वस्ती आबांच्या अंगणात बसून खरखर ऐकणार होती.

मी निवेदिकेला फोन करून सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे टाचणी काढायची?" तिनं विचारलं.

"काढा. चूक माझी आहे."

"बरं झालं सांगितलंत ताई. सर पुढच्या महिन्यात तुमच्याकडच्या गावांसाठी वेगळा कार्यक्रम धरणार होते. आणि आजोबांची ओवी मी मोबाईलवर पाठवते. तुम्ही वाजवून दाखवा, कळणार पण नाही कुणाला."

हे मी आबांना सांगितलं. नाना तिथंच शेळीला पाला टाकत होते.

"मोबाईलवर कुणाचंबी वाजतंय," आबा शांतपणे म्हणाले. "लग्नात नवरीचा बाप नाचतोय, त्योबी वाजतोय. मी लोकांना रेडिओ सांगितलाय."

"कावून सांगितलं पर?" नाना म्हणाले. "आधी लागतंय का बघायचं का न्हाई?"

आबा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते पटका सोडून पुन्हा बांधायला लागले, आणि ते बांधणं काही संपेना. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्याला यायला काय लागतं, ते सांग."

मी मातीत काडीनं डोंगर काढला. अलीकडं आपली वस्ती, पलीकडं ते कॉलेज. मी म्हणाले, "ही लाट सरळ जाते आबा, नजरेसारखी. मध्ये डोंगर आला की अडते. त्या दिवशी हवेमुळं ती वाकली होती."

आबांनी त्या रेघेकडं पाहिलं. "मंग येवडंच की. ते गाव दिसाय पायजे."

"हो, म्हणजे..."

"दिसतंय की."

"कुठून?"

"वरच्या धारंवरनं. मेंढरं बसवायचो तिथं. दिवं लागलं की तिकडचं सगळं गाव दिसतंय. एक तांबडा दिवा उंचावर आसतोय, त्यो लुकलुकतोय." त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली आणि मी काढलेल्या डोंगराच्या टोकावर टेकवली. "हितं."

मी पदवीधर, मी मुलांना लाटा शिकवते, आणि दोन दिवस मी डोंगराच्या पोटातल्या खळग्यात अँटेना फिरवत बसले होते. तांबडा दिवा म्हणजे त्या स्टेशनच्या मनोऱ्याचा दिवा. आबा तो किती वर्षं बघत आले होते कोण जाणे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, चढलो. आबांचे गुडघे दुखतात, पण या वाटेवर ते माझ्या पुढं होते. वर पोचलो तेव्हा खाली अंधार भरत होता आणि क्षितिजाच्या कडेला दिव्यांची एक पातळ पट्टी होती. मी अँटेना तिकडं केली. शेतीच्या कार्यक्रमातला माणूस बोलत होता. मागं थोडी खरखर, पण प्रत्येक शब्द कळत होता. आम्ही आवाजाला पाचपैकी गुण देतो. मी मोबाईलच्या उजेडात वहीत लिहिलं: वस्तीवर शून्य, धारेवर तीन. लगेच निवेदिकेला तसंच कळवलं. तिनं उत्तर पाठवलं की टाचणी काढली नाही, बोटभर वर सरकवली आहे.

खाली आल्यावर आबांनी घरोघरी जाऊन सांगितलं की रेडिओ अंगणात नाही, धारेवर आहे, ज्याला ऐकायचं त्यानं वर या. नानांच्या दारात ते थोडे थांबले.

"माझं गुडघं न्हाई चालत," नाना आतूनच म्हणाले.

"माजं तरी कुटं चालत्यात," आबा म्हणाले आणि पुढं गेले.

रविवारी सकाळी सातला धारेवर सात-आठ माणसं जमली. डोक्यावरून शाली घेतलेल्या तीन बायका, त्यात माझी आई, काही म्हातारे, आणि आबांची मेंढरं, कारण त्यांना खाली सोडून कसं येणार. थंडी होती, वारा होता, धुईचा पत्ता नव्हता. मी एका बोरीच्या फांदीला अँटेना बांधली. स्टेशन लागलं. कालच्याइतकंच, तीन.

सव्वासातला नाना आले. कुणाकडं न बघता म्हणाले, "शेळी इकडं आलीय म्हणून आलो." शेळी त्यांनीच दोरीला धरून आणली होती. कुणी हसलं नाही. आबांनी आपल्या घोंगडीचा अर्धा भाग मोकळा केला. नाना लांब दगडावर बसले.

साडेसातला निवेदिकेनं आबांचं नाव घेतलं, वस्तीचं नाव घेतलं. बायकांतून "आलं, आलं" असा गलका झाला आणि त्यात तिची पुढची दोन वाक्यं बुडाली. मग आबांचा आवाज सुरू झाला. लांबून, किंचित बारीक होऊन, पण तोच. पहिली ओळ झाली आणि आवाज थांबला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "गेलं," आई म्हणाली.

माझा हात आपोआप अँटेनाकडं गेला. पण काहीतरी चुकतंय असं वाटलं. स्टेशन बुडतं तेव्हा त्याच्या जागी खरखर उसळून येते. इथं खरखर वाढली नव्हती. उलट स्वच्छ शांतता होती. म्हणजे स्टेशन जागेवर होतं आणि तिकडंच कुणी गप्प होतं.

"हात लावू नगं," आबा म्हणाले.

शांततेनंतर दुसरी ओळ आली, आणि पुन्हा तेवढीच शांतता. आबा रेडिओकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं, रेकॉर्डिंगच्या त्या काचेच्या बंद खोलीत एकटेच बसून आबांनी ओळ टाकली होती आणि झिलीसाठी थांबले होते. प्रत्येक ओळीला. नंतर निवेदिकेनं मला सांगितलं की तिनं ते मोकळे तुकडे कापायचे म्हटल्यावर आजोबा खुर्चीतून उठले होते. "त्या जागा माज्या न्हाईत, ठिवा तशाच," एवढंच म्हणाले होते.

तिसरी ओळ झाली. शांतता सुरू झाली. आणि दगडावरून, कानावर हात ठेवून, नानांनी झील उचलली.

नेमकी. पुढची ओळ रेडिओतून यायच्या आत ती संपली, आणि रेडिओतले आबा जणू ती ऐकूनच पुढं निघाले. रेडिओतून ओळ, दगडावरून झील. शेवटी शेवटी माझ्या शेजारचे आबाही हलक्या आवाजात नानांबरोबर झील धरायला लागले, स्वतःच्याच ओवीला.

ओवी संपली आणि कांद्याच्या रोपांची माहिती सुरू झाली. नाना उठून घोंगडीच्या मोकळ्या अर्ध्या भागावर येऊन बसले.

"चवथ्या वळीला घाई केलीस," ते म्हणाले.

"समोर घड्याळ लावलं व्हतं त्यांनी," आबा म्हणाले. "काटा फिरताना दिसतोय, मंग माणूस घाई करतोय."

"मी असतो तर घड्याळाकडं पाठ करून बसविलं असतं तुला."

"मंग यायचं."

"बोलावलं कुणी?"

"आता बोलावतोय. ही पोरगी फोन लावंल त्या बाईला. पर मोटारसायकल नगं, लई हाडं खिळखिळी झाली माजी. एश्टीनं जाऊ."

"एश्टी बरी," नाना म्हणाले. "आपल्याला अर्धं तिकीट हाय."

आई म्हणाली की आधी खाली चला, भाकरी व्हायच्या आहेत. बायका उतरायला लागल्या. मेंढरं आपणहून त्यांच्या मागं निघाली. मी अँटेना सोडली नाही, कारण निवेदिका अजून बोलत होती आणि मला शेवटपर्यंत ऐकून वेळ टिपायची होती. दोघं म्हातारे घोंगडीवर तसेच बसले होते. पहिली गाडी शिरूरहून किती वाजता सुटते यावर त्यांचा वाद चालला होता.